अनोळखी माणसाला खोली दाखवताना

गोष्ट एवढीशीच आहे. इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या घरात एकटी राहणारी बाई. तिला माडीवरची खोली भाड्याने द्यायची आहे. दिवेलागणीला एक माणूस खोली बघायला येतो. ती नऊ हजार सांगते. तो निघतो तेव्हा भाडं सहा हजारांवर आलेलं असतं, डिपॉझिटचा विषय निघालेलाच नसतो आणि किल्ली त्याच्या खिशात असते. सगळ्या वेळात तो एकदाही ‘कमी करा’ म्हणत नाही. पाऊण तासाच्या आतली फिल्म, माणसं दोनच. त्यातली बाई मी केली.

मी मूळची रंगमंचावरची. बँकेतली नोकरी सांभाळून हौशी मराठी नाटक करत आले. इंदुरात मराठी नाटकाला माणसं येतात. ‘सानंद’ या इथल्या संस्थेचे प्रयोग गटागटांनी बघणारा इथला प्रेक्षक पुण्या-मुंबईच्या नटांनाही चकित करतो. त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय माझ्या अंगात मुरलेली. कॅमेऱ्याला ती सवय नको असते. दिग्दर्शिका आमच्याच ओळखीतली, पुण्याला सिनेमा शिकून परत आलेली मुलगी. मला काकू म्हणते. पहिल्याच वाचनाला म्हणाली, “काकू, इथे मागची रांग नाहीये. प्रेक्षक तुमच्या नाकासमोर वीतभर अंतरावर बसलाय.”

तिची एक अट होती. समोरच्या नटाला शूटिंगपर्यंत भेटायचं नाही. तो ग्वाल्हेरचा, लष्कर भागातला, हिंदी नाटक जास्त केलेला, एवढंच मला कळू दिलं. फोटो नाही, फोन नाही. तालमी वेगवेगळ्या. त्याच्या ओळी ती स्वतःच वाचायची, रेशनकार्डावरची नावं वाचावीत तशा सपाट. पडद्यावर दोन अनोळखी माणसं हवीत, तर ती खरोखरच अनोळखी असू देत, हा तिचा विचार. ऐकायला चांगला वाटला. मी हो म्हटलं.

तालमीत मात्र मजा आली. तिने कीथ जॉनस्टन या ब्रिटिश नाट्यशिक्षकाच्या पद्धतीने काम करून घेतलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आलेला आणि पुढे कॅनडात कॅल्गरीला गेलेला हा माणूस. त्याचं म्हणणं असं, की नाटकातली दोन माणसं सतत एकमेकांच्या वर किंवा खाली सरकत असतात, आणि त्याचा हुद्द्याशी संबंध नसतो. नोकर मालकाच्या वर असू शकतो. बोलताना डोकं स्थिर ठेवलं की माणूस वर जातो. बोलता बोलता हात चेहऱ्याकडे गेला, वाक्याआधी आखूडसं ‘अं’ आलं, की खाली येतो. पटत नसेल तर करून बघा. “या ना, बसा” हे मान न हलवता म्हणा, आणि मग पदर सारखा करत, मान डोलावत म्हणा. पहिल्यात तुम्ही घर दाखवताय, दुसऱ्यात परीक्षा देताय.

मला आधी वाटलं होतं की असल्या फिल्ममध्ये सगळा खेळ त्या माणसाचा. तो गूढ दिसणार, खालच्या आवाजात बोलणार, मी विरघळणार. तालमीत उलटंच लक्षात आलं. जुने नाटकवाले सांगतात की राजाचं काम करणाऱ्याने राजा व्हायचं नसतं, दरबाऱ्यांनी त्याला राजा करायचं असतं. इथेही तेच. तो काहीच करत नाही. जे करते ते मी. तो विचारल्याशिवाय माझ्या नवऱ्याच्या आरामखुर्चीत बसतो आणि मी ‘तिथे नको’ म्हणत नाही. तो चहाला हात लावत नाही, तर मी उचलून पुन्हा गरम करून आणते. त्याने एका प्रश्नाला उत्तर दिलं नाही, की मीच दोन उत्तरं सुचवते. नऊचे आठ मी आपण होऊन करते, आणि वर म्हणते, “तसं म्हणजे, माणसं बघून ठरवायचं असतं हो.” हे वाक्य संहितेत नव्हतं. आमच्या गल्लीत भाडेकरू ठेवणाऱ्या सगळ्या बायका हेच म्हणतात, म्हणून मी घातलं आणि ते राहिलं.

पण ती त्याच्याकडे ओढली का जाते? यावर आमचे बरेच दिवस गेले. देखणेपणावर भागवायचं नव्हतं. शेवटी उत्तर मिळालं ते एका बटनात. जिन्याच्या दिव्याचं बटन जुनं आहे, चिमटीत धरून वर करावं लागतं, नाहीतर झटका बसतो. घरात येणारे-जाणारे, तिचा मुलगासुद्धा, वर्षानुवर्षं ते बघत नाहीत. हा माणूस जिना चढताना म्हणतो, “ह्याचा शॉक लागतो ना तुम्हाला? बोट आखडून लावता तुम्ही.” बस. आपण बोट आखडतो हे कोणीतरी पाहिलं. त्या बाईच्या आयुष्यात हे फार दिवसांनी घडलंय. आता तो जे म्हणेल त्याला ती आधी ‘हो’ म्हणणार आणि मग विचार करणार. लक्ष देणं ही माया असू शकते आणि सावजाची पाहणीही. फिल्म संपेपर्यंत कुठली ते कळू द्यायचं नाही, एवढं आमचं ठरलं.

आता कागदाबद्दल. नटाला भेटायचं नाही म्हटल्यावर मी विचारलं, मग तो मला कुठे हात लावणार हे कोण ठरवणार? संहितेत एकच स्पर्श होता, किल्ली घेताना मनगटाला. तेवढाच असेल हे लिहून द्या म्हटलं. हल्ली परदेशात या कामाला वेगळा माणूस असतो. एचबीओने २०१८ मध्ये जवळिकीचे प्रसंग असलेल्या आपल्या मालिकांसाठी तसा समन्वयक नेमायचं ठरवलं. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने २०२० मध्ये नियमावली काढली. आपल्याकडच्या मोठ्या हिंदी निर्मितीतही असे लोक दिसू लागलेत. आमच्याकडे पैसे कुठले? सहायक दिग्दर्शिका म्हणून जी पोरगी होती तिच्याकडे कागद दिला. कुठला स्पर्श, कुठल्या शॉटला, आणि कोणीही ‘थांबा’ म्हटलं की कॅमेरा बंद. आमच्या घरी यावर भरपूर करमणूक झाली. “मनगटासाठी करारनामा!” असं म्हणून यांनी दोन दिवस मला हात जोडून नमस्कार केला, हात लावायची परवानगी नाही म्हणे.

शूटिंग रात्री. घर खरं, रस्ता खरा, आणि आवाज जागेवरच रेकॉर्ड करायचा. ज्याने इंदुरात असा प्रयत्न केलाय त्यालाच यातलं दुःख कळेल. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून परतणारी मंडळी मध्यरात्रीनंतरही गल्लीतून बाइक दामटत जातात. ती थांबली की कुत्री. कुत्री थांबतात तोवर उजाडतं आणि कचरागाडी गाणं वाजवत दारात. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर लावलेल्या शहरात राहण्याची ही किंमत. साउंडवाला मुलगा हेडफोन काढून कपाळाला हात लावायचा. दोन-तीन वाक्यं शेवटी डब करावी लागली.

दार उघडण्याचा शॉट पहिला घेतला. मी कडी काढली आणि समोर खरोखरच कधी न पाहिलेला माणूस. माझ्यापेक्षा लहान, पाय थोडा ओढत चालणारा. याची कल्पना नव्हती. माझी नजर पायाकडे गेली आणि लगेच मी ती वर आणली. ते आलं कॅमेऱ्यात. सुंदर आलं, यात वाद नाही. पण मग कॅमेरामन म्हणाला, आता हाच सीन ताईंच्या खांद्यावरून. मग त्याचा क्लोजअप. मग माझा क्लोजअप. मग लेन्स बदलून पुन्हा. दुसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा तो माणूस मला माहीत होता. तिसऱ्यांदा तो शर्टाच्या बाहीत माइकची वायर लपवतोय हेही माहीत होतं. म्हणजे खरं अनोळखीपण एका टेकपुरतं पुरलं आणि पुढचं सगळं अभिनयाने करावं लागलं. तेवढ्यासाठी तालमीचे सगळे दिवस आम्ही वेगळे राहिलो! मला हा व्यवहार तोट्याचा वाटतो.

नंतरच्या एका रात्री मुख्य प्रसंग होता. खोली दाखवून दोघं खाली आलीयत, ती भाड्याचं बोलायला बघतेय. माझा क्लोजअप, लांब लेन्स लावून कॅमेरा मागे. मी वाक्य सुरू केलं आणि त्या माणसाने हात पुढे करून माझ्या नाकावरचा चष्मा काढला.

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझा नंबर मोठा आहे. चष्मा नसला की समोरच्या माणसाचे डोळे कुठे आणि भुवया कुठे तेही कळत नाही. मी जागच्या जागी गोठले, मग म्हटलं, “थांबा.” लगेच कट झाला नाही. दोन-चार सेकंद गेली. मग झाला. तो नट माझ्याहून जास्त गोंधळलेला. “ताई, माफ करा, मला सांगितलं होतं की तुम्हाला माहीत आहे.” म्हणजे त्याला एक सांगितलं, मला काहीच नाही, आणि कागद सांभाळणाऱ्या पोरीलाही नाही.

मागच्या ओट्यावर दिग्दर्शिकेचं आणि माझं जे बोलणं झालं ते मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ती पोरगी हुशार आहे आणि तिने युक्तिवाद चांगले केले.

ती म्हणाली, “काकू, भीती आणि ओढ शरीराला वेगळी कळतच नाही.” आणि तिने डटन आणि अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा प्रयोग सांगितला. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे, १३७ मीटर लांब आणि नदीपासून सुमारे ७० मीटर उंच. त्या डुगडुगत्या पुलावर एक तरुण बाई पुरुषांना गाठून प्रश्नावली भरून घ्यायची आणि आपला फोन नंबर द्यायची. दुसरीकडे तेच एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावर. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला, साध्या पुलावरच्या १६ पैकी फक्त दोघांनी. धडधड पुलामुळे होत होती, त्यांना ती त्या बाईमुळे वाटली. “तुमची आत्ताची धडधड प्रेक्षकाला ओढच वाटेल,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “अगं, ते पुलाला घाबरले होते. बाईला नाही. त्या बाईने त्यांना पुलावरून ढकलायचा आव आणला असता तर कोणी फोन केला असता का?”

यावर ती हसली, पण सोडलं नाही. मग कुलेशॉव्ह आला. साधारण शंभर वर्षांपूर्वी या रशियन दिग्दर्शकाने मोझूखिन नावाच्या नटाचा एकच शॉट घेतला आणि तो कधी सूपच्या वाटीला, कधी शवपेटीला जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक. “चेहऱ्याचा अर्थ शेजारच्या शॉटमधून येतो, काकू. तुमचा घाबरलेला चेहरा मी त्याच्या हसण्याला जोडला की झालं.”

पण मोझूखिनचा चेहरा कोरा होता, म्हणून त्यावर काहीही लिहिता आलं. माझा कोरा नव्हता. त्यावर ‘हा माणूस कोण, याने माझ्या तोंडाला हात कसा लावला’ असं ठळक लिहिलेलं होतं. आणि तोही माझा, त्या बाईचा नाही. ती बाई त्या क्षणी त्याच्यावर भाळलेली आहे. मला तिथे पोचायचं होतं, आणि मधेच मला तिच्यातून बाहेर ओढून काढलं. राग नंतरचा, आधी नट म्हणून ही तक्रार.

मग मी ‘लास्ट टँगो इन पॅरिस’मधल्या मारिया श्नायडर या नटीचं नाव काढलं. दिग्दर्शिकेला ते माहीत होतं, सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला असतं. दोन अनोळखी माणसांच्या संबंधांवरच्या १९७२ च्या त्या चित्रपटात, मारिया एकोणीस वर्षांची असताना, एका प्रसंगातला तपशील तिला आधीपासून माहीत होऊ दिला नव्हता. दिग्दर्शक बर्तोलुचीने २०१३ मध्ये उघड सांगितलं की त्याला तिच्याकडून नटीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया हवी होती. मारियाने २००७ मध्ये सांगितलं होतं की त्या प्रसंगात तिला अपमान वाटला, अश्रू खरे होते. “ते फार वेगळं होतं, काकू,” दिग्दर्शिका म्हणाली. वेगळं होतंच. चष्मा आणि ते एका तराजूत घालण्याइतकी मी वेडी नाही. पण पद्धत तीच आहे. खरं वाटावं म्हणून एकाला अंधारात ठेवायचं, आणि कोणाला ठेवायचं ते कॅमेऱ्यामागच्याने ठरवायचं. आपण फिल्म कशावर काढतोय आणि करतोय काय, एवढंच मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प बसली. तोवर स्पॉटवाल्याने चहा आणून ठेवला. मग तीच म्हणाली, “शॉट काढून टाकू?”

आणि इथे मी म्हटलं, चष्म्याचा शॉट टाकू नकोस, ठेव. संहितेतल्या कशाहीपेक्षा ही कल्पना चांगली आहे. पण मला माहीत असू दे.

मग आम्ही तिघं पहिल्यांदा एकत्र बसलो. त्या गृहस्थांनी, ज्यांच्याशी मी तोवर संहितेबाहेरचं एक वाक्य बोलले नव्हते, सगळ्यात मोलाची सूचना केली. “मी काढणारच नाही. मी हात पुढे करतो. ताई स्वतः काढून देतील का बघू.”

तसंच केलं. बाई म्हणते, “भाड्याचं म्हणाल तर…” तो तळवा उघडा करून पुढे धरतो. काही मागत नाही. हात हवेत तसाच. तिला आधी कळत नाही काय हवंय. ती किल्ली द्यायला जाते, तळवा मिटत नाही. मग तिच्या ध्यानात येतं, काचेवर तेलकट डाग आहे. ती स्वतः चष्मा काढून त्याच्या हातावर ठेवते. तो शर्टाच्या टोकाने सावकाश पुसतो, एक काच, मग दुसरी, दिव्यासमोर धरून बघतो. परत देत नाही. हातात धरून ठेवतो. आणि ती, समोरचं काही दिसत नसताना, अंदाजाने त्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणते, “सात. सात ठेवू आपण.”

कोणता हात, चष्म्याची दांडी कुठल्या बाजूने कानावरून सुटेल, तो कितीपर्यंत मोजून थांबेल, सगळं ठरलेलं. माझा हात शेवटच्या क्षणी थरथरला. तो ठरलेला नव्हता. सगळं माहीत असल्याने डोकं मोकळं होतं, म्हणून हाताला थरथरायला सवड मिळाली, असं मला वाटतं. रंगमंचावरही हेच होतं. हालचाल पाठ असली की पंधराव्या प्रयोगाला काहीतरी आपोआप घडतं, पहिल्या प्रयोगाला नुसती भंबेरी.

एडिटिंगला मी जाऊन बसले. सहसा नटांना बसवत नाहीत. हट्टाने बसले. तिने दोन्ही टेक जोडून दाखवले. पहिल्यात, जिथे तो चष्मा ओढून घेतो, तिथे तो माणूस सरळसरळ गुंड वाटतो आणि पुढची दहा मिनिटं ती बाई मूर्ख वाटते. असल्या माणसाला किल्ली देतेच का? दुसऱ्यात त्याच्याकडे बोट दाखवायला जागाच नाही. त्याने फक्त हात पुढे केला होता. एडिटरने तो उघडा तळवा इतका वेळ धरून ठेवलाय की खोलीत बसलेली आम्ही माणसं खुर्चीत चुळबुळ करू लागलो. “देऊन टाका बाई,” असं साउंडवाला पोरगा हळूच म्हणाला. मग एकदम म्हणाला, “नको, नको.”

कच्ची प्रत घरच्या चार माणसांना दाखवली. वहिनीचा पहिला प्रश्न, “एका महिन्याचं तरी अ‍ॅडव्हान्स घ्यायचं की नाही?” यांनी काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी जिन्यावरचं आमचं बटन इलेक्ट्रिशियन बोलावून बदलून घेतलं.

दिग्दर्शिकेशी माझं वाकडं नाही. पुढच्या फिल्मचं बोलणं चालू आहे आणि मी करीन. कागद आता माझ्याकडे असतो, सहायक पोरीकडे नाही. समोरच्या नटाला आधी भेटायचं, सूचना दोघांना एकदम द्यायच्या, ‘थांबा’ म्हटल्यावर कॅमेरामनने दिग्दर्शिकेच्या तोंडाकडे न बघता बंद करायचं. हे सगळं तिला मान्य आहे. अडलंय एकाच ठिकाणी. तो पहिला टेक, माझा गोठलेला चेहरा, अजून तिच्या हार्ड डिस्कवर आहे. फिल्ममध्ये वापरणार नाही असं तिने लिहून दिलंय. मला तो पुसून हवाय. ती म्हणते, शूट केलेलं मी कधीच पुसत नाही, काकू, कोणाचंच नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग त्याची एकच प्रत असू दे आणि ती माझ्याकडे दे. यावर तिचं उत्तर अजून आलेलं नाही.